संकटकाळ आणि आपली तरुण मंडळी
(विहाराच्या वर्धापन दिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समितीने आम्हाला विषय दिला तो ‘संकटकाळ आणि तरुण’. विषय मोठा आहे आणि तरुणांना उपदेश करण्याची सवय आमच्या वयाच्या माणसांना फार. म्हणून आमच्या अभ्यास मंडळाने ठरवले, की उपदेश करायचा नाही. कुठल्या पोरांनी काय केले तेवढे सांगायचे. सुरुवात जरा लांबून करणार आहोत, पण तिथून फिरून आपल्या भीमेच्या काठावरच यायचे आहे, तेव्हा कंटाळू नका.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर मोठे आक्रमण केले. टीव्हीवर आपण सर्वांनी रणगाडे पाहिले, पडलेल्या इमारती पाहिल्या. पण टीव्हीला एक खोड असते. जिथे स्फोट होतो तिथे कॅमेरा जातो. स्फोटानंतर घमेले घेऊन कोण आले, हे तो दाखवत नाही. ते आम्ही शोधून वाचले आणि तेच आज सांगायचे आहे.

त्या देशाच्या पश्चिमेला ल्विव्ह नावाचे शहर आहे. दौंडकरांना समजेल अशा भाषेत सांगायचे तर ते तिकडचे जंक्शन. पूर्वेकडून बाया, पोरे, म्हातारी माणसे गाड्या भरभरून तिथे येत होती आणि तिथून पोलंडच्या सरहद्दीकडे जात होती. कडाक्याची थंडी. फलाटावर पाय ठेवायला जागा नाही. कुणाचे मूल हरवलेले, कुणाची औषधाची पिशवी गाडीतच राहिलेली. अशा वेळी तिथल्या ‘प्लास्त’ या संघटनेची मुले-मुली मदतीला उभी राहिली. ‘प्लास्त’ म्हणजे आपल्याकडच्या स्काउटसारखी संघटना, १९११ साली ल्विव्हमध्येच सुरू झालेली. सोव्हिएत राजवटीत तिच्यावर बंदी होती, पुढे ती पुन्हा उभी राहिली. या पोरांनी काय केले? आलेल्या माणसांना वाट दाखवली, सामान उचलले, चहा-पाणी दिले, मदतीचे सामान निवडून गठ्ठे बांधले. यातले एकही काम असे नाही की ज्यासाठी मोठी पदवी लागते. आपल्या दौंड स्टेशनवरचा कुठलाही पोरगा हे काम डोळे झाकून करील.

दुसरे काम सांगतो, ते आमच्या महिला मंडळाला आवडेल. रिकामा डबा घ्यायचा, टिनचा. पुठ्ठ्याच्या खोक्याची लांब पट्टी कापून तिची गुंडाळी करायची आणि डब्यात घट्ट बसवायची. वर वितळलेले मेण ओतायचे. झाली मेणबत्ती. तिच्यावर पाणी गरम होते, हात शेकता येतात, अंधारात उजेडही पडतो. शाळेतली पोरे, कॉलेजातली पोरे आणि आज्या एकत्र बसून असे डबे भरत आणि खंदकात बसलेल्या शिपायांना, वीज गेलेल्या घरांना पाठवत. २०२२-२३ च्या हिवाळ्यात तिथली वीजकेंद्रे बॉम्बहल्ल्यांत उडवली जात होती, तेव्हा शहराशहरांत तंबू आणि खोल्या उघडल्या होत्या. तिथे यायचे, ऊब घ्यायची, गरम चहा प्यायचा, मोबाईल चार्ज करून घरी फोन करायचा. जुन्या कपड्यांच्या पट्ट्या कापून जाळ्या विणण्याचे कामही गावोगावच्या शाळांत आणि वाचनालयांत चाले. त्या जाळ्या शिपायांना लपण्यासाठी.

इथे कुणी उठून विचारील, की आपण तथागतांची माणसे, अहिंसेची भाषा बोलणारे, आपण लढाईच्या जाळ्यांचे कौतुक कसे करायचे? प्रश्न रास्त आहे. आमच्या मंडळातही या मुद्द्यावर दोन तट पडले आणि अजून आहेत. एक मात्र सर्वांनी मान्य केले. घरावर बॉम्ब पडला असताना शेजारच्या म्हातारीला तळघरात नेणारा पोरगा कुठल्या बाजूचा, हे विचारायची गरज पडत नाही.

चेर्निहिव्ह शहराजवळ याहिद्ने नावाचे खेडे आहे. मार्च २०२२ मध्ये सैन्याने ते ताब्यात घेतले आणि गावातल्या तीनशेहून अधिक माणसांना शाळेच्या तळघरात कोंडले. जवळजवळ महिनाभर. तान्ही बाळे होती, ऐंशीच्या पुढची माणसे होती. हवा पुरेना, आडवे व्हायला जागा नाही. काही म्हातारी माणसे तिथेच गेली. आतल्या लोकांनी भिंतीवर कोळशाने दिनदर्शिका काढली आणि गेलेल्यांची नावे लिहून ठेवली. सैन्य हटले तेव्हा वर आलेल्या लोकांना दिसले ते पडके गाव.

त्या उन्हाळ्यात राजधानी कीव्ह आणि इतर शहरांतून तरुण पोरे-पोरी बसने तिथे आली. हातात फावडी, पायांत बूट. गावाचे सांस्कृतिक भवन पडले होते, म्हणजे आपल्याकडचे समाजमंदिर म्हणा ना. त्याचा ढिगारा उपसायला ही पोरे लागली आणि शेजारी त्यांच्यातल्याच एकाने डीजे लावला होता. गाण्याच्या ठेक्यावर विटा एका हातातून दुसऱ्या हातात जात होत्या. पुढे हीच मंडळी आजूबाजूच्या खेड्यांत घरे बांधायलाही गेली.

आता तुम्ही हसलात, कारण डीजेवरून आपल्या समितीत दर एप्रिलला काय होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. आम्ही काही डीजेच्या विरुद्ध भाषण करायला आलेलो नाही. फक्त नोंद घ्या, की त्यांचा डीजे ढिगाऱ्याशेजारी लावला होता.

आणखी दोनच प्रसंग सांगून तिकडचे पुरे करतो. ६ जून २०२३ रोजी काखोव्का धरण फुटले आणि खालची गावे पाण्याखाली गेली. तेव्हा देशभरातून लोक आपापल्या होड्या गाडीवर लादून आले. त्यांनी माणसे काढली, कुत्री-मांजरेही काढली. आणि ८ जुलै २०२४ रोजी कीव्हमधल्या मुलांच्या मोठ्या रुग्णालयावर क्षेपणास्त्र पडले तेव्हा डॉक्टर, नर्सेस आणि रस्त्याने जाणारी माणसे साखळी करून हातांनी विटा बाजूला करत होती. खारकिव्ह शहरात तर वर जमिनीवर शाळा भरवणे धोक्याचे झाले, म्हणून २०२३ च्या सप्टेंबरपासून भुयारी मेट्रोच्या स्थानकांत वर्ग भरवले. जमिनीखाली पाढे चालायचे.

आता कुणी म्हणेल, हे सगळे फार लांबचे झाले. लांबचे कसे? त्या देशात आपली पोरे शिकायला होती. महाराष्ट्रातली कितीतरी मुले तिथे डॉक्टरी शिकत होती. घरची शेती गहाण टाकून, पतपेढीचे कर्ज काढून पाठवलेली. लढाई सुरू झाली आणि भारत सरकारच्या ‘ऑपरेशन गंगा’ मधून २२ हजारांहून अधिक भारतीय परत आले. पण विमानात बसण्यापूर्वी या मुलांनी तळघरांत दिवस काढले, थंडीत मैलोन् मैल चालत सरहद्द गाठली. वरच्या वर्गातल्या मुला-मुलींनी पहिल्या वर्षाच्या पोरांना बरोबर घेतले, असलेले बिस्किटाचे पुडे वाटून खाल्ले. खारकिव्हमध्ये कर्नाटकातला एक विद्यार्थी सामान आणायला बाहेर पडला आणि गोळीबारात गेला. म्हणजे ही लढाई आपल्या उंबऱ्याला शिवून गेलेली आहे.

आणि गंमत बघा, ऐंशी वर्षांपूर्वी याच ल्विव्हच्या बाजूची माणसे आपल्या महाराष्ट्रात आश्रयाला आली होती. तेव्हा तो भाग पोलंडमध्ये होता. १९४० साली सोव्हिएत सरकारने तिथल्या लाखो पोलिश लोकांना घरातून उचलून सायबेरियाकडे पाठवले. पुढे सुटका झाल्यावर इराणमार्गे त्यांतले काही हिंदुस्थानात पोचले. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. बहुतेक बाया आणि मुलेच, कारण बापे एकतर फौजेत किंवा वाटेत मेलेले. त्यांनी तिथे शाळा चालवल्या, दवाखाना चालवला, नाटके बसवली, स्काउटच्या तुकड्या उभ्या केल्या. स्वतः उपाशी राहून आलेली ही पोरे कोल्हापूरच्या उन्हात तुकडी लावून उभी राहायची आणि धाकट्यांना सांभाळायची. लढाईनंतर ती जगभर पांगली, पण म्हातारपणी त्यातली काही पुन्हा कोल्हापूरला आली आणि त्यांनी त्या मातीला नमस्कार केला. २०२२ साली आपली पोरे पोलंडच्या सरहद्दीवर पोचली तेव्हा तिथल्या लोकांनी त्यांना गरम सूप दिले. कुणी वळिवड्याची आठवण ठेवून दिले असेल असे आम्ही म्हणत नाही. पण वळिवड्याचे नाव त्या देशात माहीत असलेली माणसे आहेत, एवढे खरे.

बरे, आता घरी येऊ.

आपल्या या दोन तालुक्यांनी तोफांची लढाई १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला पाहिली. ती कथा इथे बसलेल्या लहान पोरालाही पाठ आहे, ती आम्ही पुन्हा सांगत नाही. त्यानंतर इथे आलेल्या लढाया वेगळ्या होत्या. दुष्काळ आणि साथ.

दौंडचा हा भाग पूर्वी भीमथडी तालुक्यात मोडे. १८७५ साली सुप्याला सावकाराविरुद्ध उठाव झाला, तो याच भीमथडीत आणि शिरूर भागात पसरला. त्यातून लोक सावरतात न सावरतात तोच १८७६ सालचा दुष्काळ आला. विहिरी आटल्या, जनावरे मेली. आता दौंडच्या मंडळींनी जरा लक्ष द्या. दौंडहून मनमाडकडे जाणारी जी लाईन आहे, जिच्यावर आपल्यापैकी निम्म्या घरांनी नोकरी केली, ती १८७८ साली सुरू झाली. तिच्या भरावाची माती दुष्काळी मजुरांनी टाकलेली आहे. उपाशी माणसांनी पोटाला मिळेल त्या मजुरीवर टाकलेली माती. सरकारने दुष्काळी कामावरची मजुरी कमी केली तेव्हा हजारो मजूर कामे सोडून निघून गेले होते, हेही लक्षात ठेवा. नगरकडे जाताना खिडकीतून भराव दिसला, की एकदा त्याच्याकडे पाहा.

त्याच दुष्काळात आपल्याच पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला सावित्रीबाई फुले गेल्या होत्या. २० एप्रिल १८७७ रोजी तिथून त्यांनी जोतिरावांना पत्र लिहिले. त्यात त्यांनी दुष्काळाचे वर्णन केले आहे आणि गावोगाव सत्यशोधक कार्यकर्त्यांनी मदतीच्या समित्या कशा केल्या, ते लिहिले आहे. सावकारांच्या जाचाने लोक चिडले, दंगा झाला आणि पोलिसांनी पन्नास सत्यशोधकांना पकडले. सावित्रीबाई थेट कलेक्टरसमोर उभ्या राहिल्या. त्यांचे बोलणे ऐकून साहेबाने कार्यकर्त्यांना सोडले आणि ज्वारीच्या गाड्याही पाठवल्या. इकडे धनकवडीला सत्यशोधक समाजाने अनाथ पोरांसाठी अन्नछत्र चालवले होते. हे करणारे कोण होते? मोठे इनामदार नव्हते. शेतकरी, माळी, मास्तर, हमाल अशी माणसे होती.

पुढे वीस वर्षांनी प्लेग आला. १८९६ च्या अखेरीस मुंबईहून तो पुण्यात शिरला. १८९७ च्या सुरुवातीला गोरे शिपाई घरात घुसून रोगी शोधू लागले, घरातले सामान बाहेर काढून जाळू लागले. लोक रोग्याला माळ्यावर लपवत. सख्खा भाऊ भावाला हात लावीना. अशा वेळी सावित्रीबाईंनी आपल्या मुलाला, डॉक्टर यशवंतला, बोलावून घेतले. यशवंत म्हणजे जोतिराव आणि सावित्रीबाईंनी दत्तक घेतलेला एका विधवेचा मुलगा. तो लष्करात डॉक्टर होता, वय तेविशी-चोविशीचे. म्हणजे मागे उभी असलेली तुम्ही पोरे, तुमच्याच वयाचा. बायको आधीच वारलेली. रजा काढून तो आला आणि हडपसरजवळ ससाणे मळ्यात, गावाबाहेर, त्याने दवाखाना मांडला. जात न विचारता रोगी घेतले.

मुंढव्याच्या महारवाड्यात गायकवाडांच्या मुलाला प्लेगाची गाठ आली, हे सावित्रीबाईंना कळले. गाडी कोण देणार? त्या वस्तीत पाऊल कोण टाकणार? सहासष्ट वर्षांची ती बाई त्या पोराला पाठीवर घेऊन यशवंतच्या दवाखान्यात आली. दौंडहून पुण्याला लोकलने जाताना हडपसरच्या आधी डाव्या-उजव्या हाताला जी वस्ती दिसते, त्याच मातीतून ही बाई पोराला पाठीवर घेऊन चालली. तिला प्लेग लागला. १० मार्च १८९७ रोजी ती गेली. यशवंत मात्र थांबला नाही. पुढे १९०५ साली प्लेगच्याच कामात त्याचाही अंत झाला.

आम्ही शाळेत असताना सावित्रीबाईंचा धडा शिकलो, त्यात यशवंतचे नाव एका ओळीत उरकले होते. आजही फोटो आईचाच लागतो. तो लागलाच पाहिजे. पण तरुण पोरांसमोर बोलताना आम्हाला वाटते, की यशवंतचाही फोटो विहारात लावावा. समितीने यावर विचार करावा.

याच काळात आपल्या दौंड तालुक्यात, केडगावला, आणखी एक काम उभे राहिले. पंडिता रमाबाईंचे. त्यांचा धर्म वेगळा, वाट वेगळी, तो वाद आज नको. दुष्काळातच त्यांनी आई, वडील आणि बहीण गमावली होती. त्या स्वतः तेव्हा कोवळ्या वयाच्या. भूक काय असते ते त्यांना पुस्तकातून कळायची गरज नव्हती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि रस्त्यावर पडलेल्या, विकल्या जाणाऱ्या मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेग, म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर तंबूत, झोपड्यांत ठेवले. पुढच्या १९०० सालच्या दुष्काळात गुजरातेतून, राजपुतान्यातून मुली आल्या आणि तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार मुलींचे कोण करणार? एकटी बाई करू शकत नाही. तर आधी आलेल्या मोठ्या मुलींनी केले. ज्या स्वतः कालपर्यंत बालविधवा म्हणून घराच्या कोपऱ्यात होत्या, त्या शिक्षिका झाल्या, परिचारिका झाल्या, उवा-खरजेने भरलेल्या लहान पोरींना न्हाऊ घालू लागल्या. मागावर बसल्या, छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. केडगावला लोकलने जाता येते. ज्यांना हे पाहायचे असेल त्यांनी जाऊन यावे.

हे आम्ही मुद्दाम इतके लांबवून सांगतो आहोत. आपल्या घरांत अजून एक पद्धत आहे. मुलगा रात्री अपरात्री मदतीला गेला तर कौतुक, आणि मुलगी गेली तर ‘तू कशाला? घरात बस.’ ल्विव्हच्या फलाटावर मुली होत्या, याहिद्नेला फावडे घेऊन मुली होत्या, केडगावात तर सगळ्या मुलीच होत्या. महाडच्या डिसेंबर १९२७ च्या परिषदेत बाबासाहेबांनी बायांशी वेगळे बोलून त्यांना कामाला लावले होते. आयाबायांनो, तुमच्या मुली नर्सिंग शिकतात, फार्मसी शिकतात. प्लेगच्या काळात यशवंतला हवी होती ती माणसे ह्याच की.

आता आमच्या पिढीची आठवण. १९७२ चा दुष्काळ. इथे बसलेल्या आज्यांना विचारा. शिरूर आणि दौंडच्या माळावर पाझर तलावांची कामे निघाली होती. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरी खडी फोडत होत्या, पाट्या वाहत होत्या. लाल मिलोच्या भाकरी, घशाखाली उतरायच्या नाहीत. लहान पोरांना सुकडी. त्या कामावर कुणी मुकादमाला हजेरीवर जाब विचारला, कुणी शेजारणीच्या तान्ह्या पोराला झाडाखाली झोळीत सांभाळले, कुणी सातवी शिकलेल्या पोराने सगळ्यांचे पगाराचे कागद वाचून दाखवले. त्याला तेव्हा समाजसेवा म्हणत नव्हते. पुढे महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला, त्याच्या मुळाशी हीच खडी आहे.

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ रोजी झाला, तेव्हा महाराष्ट्रातून पोरे मदतीला धावली. ३० जुलै २०१४ रोजी शेजारच्या आंबेगाव तालुक्यात माळीण गाव डोंगराखाली गेले. दीडशे माणसे गाडली गेली. आणि २०२० सालची टाळेबंदी तर काल-परवाची. आपल्या दोन्ही तालुक्यांतून दोन मोठे रस्ते जातात. शिरूर, रांजणगाव, शिक्रापूर, कोरेगाव हा नगर रस्ता, आणि यवत, पाटस, कुरकुंभ हा सोलापूर रस्ता. या दोन्ही रस्त्यांवरून कारखान्यांतली, बांधकामावरची माणसे डोक्यावर बोचकी घेऊन चालत निघाली होती. कुणी मराठवाड्याचे, कुणी बिहारचे. पोरांच्या पायांत चपला नव्हत्या. तेव्हा ठिकठिकाणी तरुणांनी पिठलं-भाकरी केली, पाण्याचे ड्रम भरून ठेवले, जुन्या चपला गोळा करून वाटल्या. दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिल-मे मध्ये, नातेवाईक पुढे येईनात तेव्हा महाराष्ट्रात कितीतरी ठिकाणी परक्या पोरांनी परक्यांचे अंत्यसंस्कार केले. कुणी त्यांचा सत्कार केला नाही. पोरांनीही मागितला नाही.

आता मुद्द्याचे, आणि थोडे कडू बोलतो.

संकट सगळ्यांवर सारखे येते असे म्हणतात. ते अर्धे खरे आहे. येते सारखे, पण मदत सारखी पोचत नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर दलित वस्त्यांना मदतीत डावलल्याच्या तक्रारी झाल्या होत्या. छावणीत वेगळे बसवले, पाण्याच्या टाकीला हात लावू दिला नाही, असे प्रकार वृत्तपत्रांत आले. मुंढव्याच्या महारवाड्यात १८९७ साली सावित्रीबाई गेल्या नसत्या तर कोण जाणार होते? आपली वस्ती गावाच्या कुठल्या टोकाला आहे, ओढ्याच्या किती जवळ आहे, तिथे रात्री रुग्णवाहिका वळते का, हे बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याला माहीत नसते. ते आपल्या पोरांना माहीत असते. कुठल्या घरात एकटी म्हातारी आहे, कुणाला दर आठवड्याला डायलिसिसला न्यावे लागते, कुणाचे पोर गरोदर सून सोडून परगावी कामाला आहे, ही माहिती कुठल्या कचेरीत मिळत नाही. युक्रेनमध्येही पहिल्या दिवसांत हेच झाले. सरकार पोचायच्या आधी इमारतीतल्या पोरांनी जिने चढून कुणाला खाली न्यायचे त्याची यादी केली.

आपल्याकडे शिस्तीची परंपरा काही कमी नाही. समता सैनिक दल महाडच्या सत्याग्रहाच्या काळापासूनचे आहे. ६ डिसेंबरला दादरला लाखो माणसे येतात, १ जानेवारीला कोरेगाव भीमाला येतात, तेव्हा रांगा लावणारी, पाणी देणारी, हरवलेले पोर आईपर्यंत पोचवणारी आपलीच मुले असतात. २०१८ साली त्या दिवशी जे घडले त्यानंतरच्या वर्षांतही लोक शांतपणे आले आणि शांतपणे गेले, त्यात या स्वयंसेवकांचा वाटा मोठा आहे. अडचण एवढीच आहे, की ही शिस्त वर्षातून दोन-तीन दिवस दिसते. उरलेले दिवस टोपी खुंटीवर.

तथागतांची एक गोष्ट भन्तेजींनी अनेकदा सांगितली आहे. एक भिक्खू पोटाच्या विकाराने आजारी पडून आपल्याच घाणीत पडला होता. इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते, कारण तो कुणाच्या उपयोगी पडला नव्हता. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून नीट झोपवले. नंतर संघाला विचारले, की तुम्हीच एकमेकांचे केले नाही तर तुमचे करणार कोण? तुमचे आईबाप तर इथे नाहीत. हा प्रश्न विचारताना त्यांनी ध्यानाविषयी काही सांगितले नाही, एवढे आमच्या ध्यानात राहिले आहे.

म्हणून अभ्यास मंडळाने समितीशी बोलून एक लहानसे काम ठरवले आहे. एक जाड वही आणली आहे, दोनशे पानी. त्यात वस्तीतल्या प्रत्येक घराचे एक पान. घरात कोण कोण आहे, कुणाचा रक्तगट कोणता, कुणाला कुठले औषध रोज लागते, कुणाकडे चारचाकी किंवा टेम्पो आहे, कुणाला पोहता येते, कुणाला प्रथमोपचार येतो, रात्री दोन वाजता कुणाचे दार वाजवायचे. वही विहारात कपाटात कुलपात राहील, कारण त्यात घराघरांतले दुखणे लिहिलेले असणार, ते चव्हाट्यावर यायला नको. किल्ली दोन मुलींकडे असेल, त्या दोघीही नर्सिंगला आहेत. शिरूरकडच्या मंडळींनी त्यांच्या विहारात दुसरी वही करायची आहे. दोन्हीकडच्या पोरांनी दर पौर्णिमेला एकमेकांना फोन करून विचारायचे, की पाने किती भरली.

दर सहा महिन्यांनी पाने तपासायची. माणसे जातात, येतात, फोन नंबर बदलतात. हे कंटाळवाणे काम आहे, त्यात फोटो निघत नाही, हे आम्ही आधीच सांगून ठेवतो. ज्यांना नाव द्यायचे आहे त्यांनी रविवारी सकाळी वंदनेनंतर थांबावे. येताना रक्तगटाचा कागद आणावा; नसेल तर सरकारी दवाखान्यात तपासून घ्यावा. आणि मागे उभ्या असलेल्यांपैकी ज्यांचे अक्षर बरे आहे अशा चार जणांनी आत्ता, खिचडी वाढायला जाण्यापूर्वी, आम्हाला भेटावे.

नमो बुद्धाय. जय भीम.